शालेय मंत्रिमंडळ आणि शाळेचं ग्रंथालय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका अनुदानित मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी मराठी शिकवते. पूर्णवेळ ग्रंथपाल आमच्याकडे नाही, म्हणून ग्रंथालय माझ्याकडे. ‘बाई, तुम्हाला जमेल’ असं म्हणत एका मुख्याध्यापकांनी मंत्रिमंडळही माझ्याच गळ्यात घातलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. जून उजाडला की तेच तेच प्रश्न येतात. काही पालकांचे, काही दुसऱ्या शाळांतल्या नव्या शिक्षकांचे. सगळ्यात अवघड असतात ते मुलांचे. जमेल तिथे त्यांच्याच शब्दांत इथे मांडलेत.

१. शालेय मंत्रिमंडळ म्हणजे नक्की काय? ते असलंच पाहिजे असा कायदा आहे का?

मुलांनी निवडून दिलेले प्रतिनिधी, त्यांना वाटलेली खाती आणि डोक्यावर एक मार्गदर्शक शिक्षक, एवढा हा मामला. मुख्यमंत्री, शिस्त, स्वच्छता, क्रीडा, सांस्कृतिक, सहल, ग्रंथालय ही नेहमीची खाती. शाळेत पोषण आहार शिजत असेल तर आहारमंत्रीही असतो. कुठे याला विद्यार्थी संसद म्हणतात, कुठे बालसंसद. इंग्रजी माध्यमात हेडबॉय, हेडगर्ल आणि हाउस कॅप्टन असतात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात याचा उल्लेख नाही. त्यात आहे ती शाळा व्यवस्थापन समिती. ती मोठ्या माणसांची असते आणि तिच्यात तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात. पालकसभेत या दोन्हींची गल्लत दरवर्षी होते.

२. मॉनिटर आणि मंत्री यांत फरक काय?

मॉनिटर वर्गाचा, मंत्री शाळेचा. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम मॉनिटरकडे असतं, त्यामुळे त्याला मित्र कमी. मंत्र्याला बिल्ला मिळतो. दोन्ही पदं एकाच मुलाकडे देऊ नयेत, त्याचा अभ्यास आणि डबा दोन्ही राहतात.

३. निवडणूक कशी घेता?

पहिले काही दिवस प्रवेश, गणवेश आणि पाठ्यपुस्तकांच्या वाटपात जातात. म्हणून आम्ही जुलैत, आषाढी झाली की घेतो. अर्ज, सूचक-अनुमोदकाच्या सह्या, छाननी, माघार, चिन्हवाटप, सगळं साग्रसंगीत. चिन्हं खऱ्या पक्षांची द्यायची नाहीत हे मी शिकले ते एका वर्षी सायकल दिल्यावर. ती उत्तरेकडच्या एका पक्षाची आहे, असं एका पालकांनी फोन करून ऐकवलं. आता पट्टी, दप्तर, खडू-डस्टर असली चिन्हं असतात. प्रचाराला परिपाठात प्रत्येकी दोन मिनिटं. चॉकलेट वाटलं तर अर्ज बाद.

मतदान हल्ली बहुतेक शाळा मोबाइलच्या ॲपवर घेतात. एक फोन नियंत्रण करणाऱ्या मुलाकडे, दुसरा पुठ्ठ्याच्या आडोशामागे. बटण दाबलं की तो लांबलचक ‘पीऽऽ’ येतो आणि रांगेतली पाचवीची मुलं शहारतात. शाई म्हणून डाव्या तर्जनीवर मार्करची रेघ. मतदान अधिकारी नववीतलेच असतात आणि ते आमच्यापेक्षा कडक असतात.

कागदी मतपत्रिका मला अजून जास्त आवडते. मोजणी मुलांच्या डोळ्यांसमोर होते, गठ्ठे दिसतात, हरलेल्यालाही आपण कितीने हरलो ते स्वतः मोजता येतं. बरोबरीची मतं आणि ‘नोटा’ (म्हणजे ‘यांपैकी कुणीही नको’ हा पर्याय) यांसाठी प्रश्न १३ आणि १४ पाहा.

४. दहावीच्या मुलांना उभं राहता येतं का?

आमच्याकडे नाही, बोर्डाचं वर्ष असतं. मतदान मात्र करता येतं. मुख्यमंत्री नववीचा, बाकी मंत्री सातवी ते नववी.

५. आमचे सर पहिला नंबर येणाऱ्यालाच मंत्री करतात. हे बरोबर आहे का?

चूक म्हणता येणार नाही, पण मग त्याला निवडणूक म्हणू नये. गुणपत्रिका बघून खाती वाटली की ग्रंथालय शेवटी उरतं, आणि ज्याला काहीच मिळालं नाही त्याच्या पदरात पडतं. आमच्याकडेही तसंच होत असे. आता ग्रंथालयाचं पद मी वेगळं ठेवते. ज्याला हवंय त्याने एका पानावर लिहून द्यायचं की ग्रंथालयात काय बदललं पाहिजे, आणि त्या कागदांवर मतदान होतं. नावं झाकलेली असतात.

आजवरचा माझा सगळ्यात चांगला ग्रंथालय मंत्री गणितात कसाबसा पास होणारा मुलगा होता. स्वतः फार वाचत नसे. पण सहावी ‘ब’मधल्या कोणत्या मुलीला भुताच्या गोष्टी हव्यात आणि कुणाला क्रिकेटपटूंची चरित्रं, हे त्याला तोंडपाठ होतं. बसस्टँडवर वडिलांचं वर्तमानपत्रांचं दुकान होतं, गिऱ्हाईक ओळखायची सवय तिथलीच असावी.

६. ग्रंथालय मंत्र्याला नेमकं काम काय असतं? की नुसता बिल्ला?

बऱ्याच शाळांत नुसता बिल्लाच. शिस्तमंत्र्याला निदान रांगेत कुणाला तरी मागे ओढता येतं. ग्रंथालय मंत्र्याची आठवण येते ती फक्त १५ ऑक्टोबरला (प्रश्न १७).

आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार, मधल्या सुट्टीत देवघेव चालते. दारात आडवं बाक टाकतात. एक जण नोंदवही लिहितो: तारीख, नाव-तुकडी, दाखल अंक (पुस्तक शाळेत आलं तेव्हा मिळालेला क्रमांक), सही. दुसरा आलेलं पुस्तक उघडून पानं बघतो, मागच्या कप्प्यातली चिठ्ठी जागेवर लावतो. तिसरा रांग सांभाळतो. सातवीला भूगोलाचा तास असेल त्या दिवशी नकाशाची पुस्तकं आधीच बाकावर काढून ठेवायची, ही युक्ती मुलांनीच काढली.

शनिवारी अर्धा तास डागडुजी. इथे एक कळकळीची विनंती: फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते, सुटते आणि डिंकाचा तपकिरी डाग कायमचा कागदात मुरतो. मैद्याची खळ शिजवा आणि पातळ कागदाची पट्टी लावून वजनाखाली ठेवा. कसर लागू नये म्हणून जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत. ते विषारी असतं, मुलांच्या हाती देऊ नका. मी घालतच नाही, ताजी खळ करते आणि उरलेली टाकून देते.

७. कपाटांची किल्ली मुलांकडे? बाई, पुस्तकं गेली तर जबाबदार कोण?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त शिक्षक विचारतात, आणि बहुतेक वेळा आवाज खाली आणून.

मी ग्रंथालयाचा चार्ज घेतला तेव्हा लोखंडी कपाटं कुलूपबंद होती. लाकडी चकतीला बांधलेला किल्ल्यांचा जुडगा ऑफिसच्या खणात. आधीच्या सरांनी निवृत्तीच्या आधी तीन दिवस बसून माझ्याकडून एकेक पुस्तक मोजून घेतलं. कमी भरलेल्यांचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून भरले, कुणी मागितले नव्हते तरी. शेवटच्या दिवशी म्हणाले, ‘‘बाई, उघडूच नका, म्हणजे जाणार नाहीत.’’ त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. दाखल नोंदवहीत पुस्तक म्हणजे टेबल-खुर्चीसारखी मालमत्ता. हरवलं की तुमच्या नावावर. वाचलं गेलं तर त्याला त्या वहीत रकानाच नाही.

मी एकच कपाट उघडलं, गोष्टींचं. दुसरी किल्ली करून घेतली, ती मंत्री आणि उपमंत्र्याकडे. नियम तीन. दोघं हजर असतील तरच उघडायचं. प्रत्येक फळीवर किती पुस्तकं ते दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचं आणि शुक्रवारी मोजायचं. फरक आला तर त्याच दिवशी मला सांगायचं, ओरडा बसणार नाही. कोश, हस्तलिखितं आणि जुने दुर्मीळ अंक माझ्याच ताब्यात. कागदोपत्री जबाबदारीही माझीच राहिली, ती मुलांवर ढकलता येत नाही आणि ढकलू नये.

गेली का पुस्तकं? गेली. पहिल्या वर्षी जास्त. त्यातली काही दिवाळीनंतर गुपचूप बाकाखाली सापडली. आता सगळी कपाटं मुलांच्या ताब्यात आहेत, एक सोडून.

८. पुस्तक हरवलं. छापील किंमत १२ रुपये आहे. १२ रुपये भरू?

नाही. १९८३ ची किंमत ती. त्याच पुस्तकाची नवी प्रत आणून द्यावी किंवा आजची किंमत भरावी. प्रत बाजारातच मिळत नसेल तर त्याच विषयाचं, साधारण तेवढ्याच पानांचं दुसरं चालतं, पण आधी विचारा. घरी खरोखरच अडचण असेल तर मला येऊन सांगा, मंत्र्याला सांगायची गरज नाही. त्या मुलाकडून आम्ही डागडुजीचं काम घेतो आणि विषय तिथेच संपतो.

९. पार चिंध्या झालेली पुस्तकं फेकून द्यायची का?

फेकायची नाहीत, त्यांचं निर्लेखन करायचं, म्हणजे ती रीतसर बाद करायची. यादी करून, कारण लिहून, शाळा समितीची मंजुरी घ्यायची. मग दाखल नोंदवहीत त्या ओळीसमोर लाल शाईने शेरा. ओळ खोडायची नाही आणि तो दाखल अंक पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही. प्रश्न ७ मधली भीती निम्मी कमी होते ती या मार्गामुळे, पण तो आहे हेच कित्येकांना माहीत नसतं. मग फाळणीच्या आधीचे भारताचे नकाशे फळी अडवून बसतात आणि गोष्टींना जागा नसते.

१०. आमच्या शाळेत ग्रंथालयाची खोलीच नाही, ग्रंथपालही नाही. काय करायचं?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं. वर्तमानपत्र, नियतकालिकं, सर्व विषयांची पुस्तकं, आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही. हा कायदा पहिली ते आठवीपुरता, पण पाचवीपासूनचं हायस्कूल असेल तर तुमचे चार वर्ग त्यात येतातच. शाळा व्यवस्थापन समितीत हे लेखी मांडा.

तोवर वर्गपेटी करा. पत्र्याची पेटी, चाळीस-पन्नास पुस्तकं, एक वही. दर महिन्याला पेटी पुढच्या वर्गात. मंत्री एक, आणि प्रत्येक वर्गात त्याचा एक पेटीवाला.

११. पुस्तकाच्या पाठीवर ८९१.४६ असं लिहिलंय, ते काय?

तो वर्गांक. मेलव्हिल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली सगळ्या ज्ञानाची दहा भागांत विभागणी केली. त्या पद्धतीत ८०० म्हणजे साहित्य आणि ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. पुढे १ आला की कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी. दाखल अंक वेगळा. तो पुस्तक शाळेत कितवं आलं ते सांगतो. पुस्तक खरंच आपलं आहे का, हे पाहायला एका ठरावीक आतल्या पानावरही शिक्का असतो. कोणतं पान ते इथे लिहिणार नाही, मंत्र्यांना ठाऊक आहे.

पाचवीच्या मुलांना यातलं काही लागत नाही. पाठीवर रंगीत पट्टी लावा: लाल गोष्टी, हिरवं विज्ञान, निळी चरित्रं.

१२. आम्ही सांगू ती पुस्तकं का घेत नाही? नेहमी थोरांची चरित्रंच का येतात?

कारण निवडतात मोठी माणसं, आणि बिल मार्चच्या आत व्हायचं असतं. पुस्तक विक्रेता टेम्पोतून गठ्ठा आणतो, त्यात एकाच थोर पुरुषाची तीन चरित्रं निघतात, तिन्ही एकाच चरित्रावरून लिहिलेली वाटावीत अशी.

आम्ही बाकावर मागणीवही ठेवलीय. वर्षभरात एखादं नाव तीन वेगवेगळ्या मुलांनी लिहिलं की ते यादीत जातं. मंत्री ती यादी घेऊन मुख्याध्यापकांसमोर बसतो, मी फक्त दारात उभी राहते. भुताच्या गोष्टींना मी नाही म्हणत नाही. हातात पुस्तक येण्याचा तो राजमार्ग आहे.

पैसेच नसतील तर बालभारतीचं ‘किशोर’ लक्षात ठेवा. १९७१ पासून निघतंय, आणि जुने अंक त्यांनी संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवलेत. संगणक कक्षात एक तास मागून घ्या.

१३. दोघांना सारखी मतं पडली. फेरमतदान घ्यायचं?

चिठ्ठी टाका. आपल्याकडच्या मोठ्या निवडणुकांतही बरोबरी झाली की चिठ्ठीच निघते. २०१७ च्या मुंबई महापालिकेत प्रभाग २२० चा निकाल असाच लागला होता. चिठ्ठी सर्वांत लहान वर्गातल्या मुलाकडून काढून घ्या आणि दोन्ही उमेदवारांना चिठ्ठ्या आधी उघडून दाखवा. हरलेल्याला उपमंत्री करायचा मोह आवरा, त्या पदासाठी वेगळ्या मुलाने मेहनत घेतलेली असते.

१४. नोटा ठेवायचा का?

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ पासून खऱ्या मतदानात नोटा आहे, म्हणून मुलं मागतात. ठेवा, पण नोटा जिंकला तर काय हे आधी ठरवा. लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये फेरनिवडणुकीचा आदेश काढला. आम्ही दुसरी पद्धत घेतली. एका वर्षी सहल खात्यात नोटा जिंकला. फेरनिवडणुकीत त्याच मुलीने सहलीचा मार्ग नकाशावर काढून आणला आणि ती निवडून आली.

कॉलेजच्या निवडणुकांचे लिंगडोह समितीचे नियम शाळेला लागू नाहीत. तेही कुणीतरी दरवर्षी विचारतं.

१५. मंत्री कामच करत नसेल तर काढता येतो का?

येतो, पण शिक्षकांनी परस्पर बिल्ला काढून घेऊ नये. वर्गप्रतिनिधींपैकी निम्म्यांनी लिहून दिलं तर बैठक, मंत्र्याचं म्हणणं ऐकायचं, मग गुप्त मतदान. एकदाच वेळ आली. मुलगा बैठकीत म्हणाला की मंगळवारी त्याला वाडीची एसटी चुकते, म्हणून तो थांबत नाही. आम्ही मंत्री ठेवला, वार बदलला.

१६. माझा मुलगा काय वाचतो ते नोंदवहीत बघायला मिळेल का? आणि मंत्री ते सगळ्यांना सांगत फिरतो, त्याचं काय?

दोन वेगळे प्रश्न. मंत्र्याने सांगायचं नाही. शपथेत आम्ही ते वाक्यच घातलंय. आठवीतल्या एका मुलीने शरीरातल्या बदलांविषयीचं पुस्तक नेलं आणि दुपारपर्यंत ते वर्गभर झालं होतं. ती पुढे वर्षभर ग्रंथालयात फिरकली नाही. तेव्हापासून अशा पुस्तकांसाठी दाराजवळची एक फळी आहे. तिथून न्यायला नोंद लागत नाही. तिथली पुस्तकं हरवतात, हो. मी पुन्हा आणते.

पालकांना मी वही दाखवत नाही. मुलालाच विचारा, तो सांगेल. नाही सांगितलं तर थोडं थांबा.

१७. वाचन प्रेरणा दिनाला काय करावं?

१५ ऑक्टोबर, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांचा जन्मदिवस. राज्यात २०१५ पासून साजरा होतो. फोटोपुरती पुस्तकं हातात देऊन पटांगणात ओळीने बसवण्यापेक्षा त्या दिवशी कपाटं दिवसभर उघडी ठेवा, आणि तास झाल्याची घंटा एकदा तरी विसरा. दिवाळीची सुट्टी किंवा सत्र परीक्षा आडवी आली तर आधीच्या शुक्रवारी. कलामसाहेब रागावणार नाहीत.

१८. मे महिन्याच्या सुट्टीत पुस्तकं का देत नाही?

वार्षिक पडताळणी. सगळी पुस्तकं एप्रिलमध्ये परत, मोजणी, कुलूप. म्हणजे वर्षभरात मुलांना खरा मोकळा वेळ असतो तेव्हाच पुस्तकं अंधारात. आम्ही उपाय असा काढला की पडताळणी परीक्षेच्या काळात उरकायची. पेपर सुरू झाले की देवघेव तशीही थंडावते. निकालाच्या दिवशी पालक सोबत असतात, त्यांच्या सहीवर प्रत्येकी चार पुस्तकं. गावाला जाणाऱ्या मुलांच्या पिशवीत आंब्यांच्या आधी पुस्तकं पडतात. परत येताना काहींना रसाचे डाग असतात, त्यांची डागडुजी होत नाही.

१९. बाई, माझ्याकडे दोन वर्षांपासून एक पुस्तक आहे. आता आणून दिलं तर ओरडाल?

नाही. ग्रंथालयाच्या दाराबाहेर निळी पेटी आहे, तिच्यात टाका. नाव लिहायची गरज नाही. पावसात मात्र टाकू नका, झाकण नीट बसत नाही.